मुखदुर्बळ लेखक आणि टपालाचा रस्ता

लिहिणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. काही मैफलीत फुलतात, काही मैफलीत मिटतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख यांचा पहाडी आवाज मैदानात घुमला की हजारो माणसे भारावून जात. त्यांच्या कवितेला वेगळ्या जाहिरातीची गरज नव्हती. परंतु असा आवाज सर्वांच्या वाट्याला येत नाही. चार माणसांसमोर आपली एक ओळ वाचायची म्हटले तरी ज्यांचा घसा कोरडा पडतो, असेही पुष्कळ लिहिणारे असतात. पूर्वी लेखकाने लिहावे, संपादकाने निवडावे, प्रकाशकाने छापावे आणि विक्रेत्याने विकावे, अशी कामाची वाटणी होती. इंटरनेट आले आणि ही चारही कामे एकट्या लेखकाच्या अंगावर आली. लिहिणारा स्वतंत्र झाला खरा, पण त्यालाच आपल्या मालाची आरोळी ठोकावी लागते. मुखदुर्बळ माणसाने ती कशी ठोकावी?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या बरोबरीचे कितीतरी शिक्षक आणि शिक्षिका मराठीत कविता, कथा, आठवणी लिहितात. घरात दखनी, वर्गात उर्दू आणि शेजारात, कचेरीत मराठी, असे आमचे तीन भाषांचे जगणे आहे. त्यातून आलेले लेखन वह्यांमधून कपाटात पडून राहते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘लिहिलंय हो, पण लोकांपुढे कसं जायचं?’ या बुजरेपणात आणखी एक अडचण मिसळलेली आहे. लेखकाचे मुस्लिम नाव पाहिले की वाचक आधी ‘मराठी छान आहे हो तुमचं’ असे म्हणतो आणि मजकुराकडे नंतर वळतो, कधी कधी वळतच नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्या लिहिणाऱ्यांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. पण व्यासपीठ बोलणाऱ्याच्या उपयोगाचे असते. न बोलणाऱ्याचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आला, असे समजण्याचे कारण नाही. त्याचा इतिहास जुना आहे आणि तो वाचला तर मनावरचे ओझे थोडे हलके होते. त्यातली काही पाने वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात मिर्झा गालिब यांच्यापासून करू. मिर्झासाहेब (१७९७-१८६९) स्वभावाने मुखदुर्बळ मुळीच नव्हते. त्यांची विनोदबुद्धी आणि हजरजबाबीपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु काळाने त्यांना एकटे पाडले, म्हणून त्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्या काळच्या दिल्लीत शायराची कीर्ती मुशायऱ्यात ठरत असे. समोर शमा यायची, शायर शेर म्हणायचा, दाद मिळायची आणि दुसऱ्या दिवशी तो शेर गल्लीबोळांत पोहोचायचा. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि हे जगच मोडले. मित्र मारले गेले, परागंदा झाले. मुसलमानांना शहराबाहेर काढण्यात आले. मिर्झासाहेब बल्लीमारानच्या आपल्या घरात जवळजवळ कोंडल्यासारखे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात भाऊ मिर्झा यूसुफ वारले. मुशायरा नाही, दरबार नाही, पेन्शन बंद. उरले काय? कागद, कलम आणि टपाल.

हे टपालही त्या वेळी नवेच होते. १८५४ साली हिंदुस्थानात टपालाची नवी व्यवस्था सुरू झाली आणि अंतर कितीही असले तरी पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात जाऊ लागले. आज आपल्याला इंटरनेटचे जे अप्रूप वाटते, तसेच अप्रूप त्या पिढीला या अर्ध्या आण्याचे वाटले असले पाहिजे. घरात बसलेला माणूस आग्रा, मेरठ, रामपूर, लखनौ येथे रोज बोलू शकत होता.

या काळात मिर्झासाहेबांनी १८५७ च्या दिवसांचा वृत्तांत फारसीत लिहिला. त्याचे नाव ‘दस्तंबू’. दिल्लीत बसून त्यांनी तो आग्र्याच्या ‘मुफीद-ए-खलाइक’ या छापखान्यातून १८५८ च्या नोव्हेंबरात छापून घेतला. छापखाना मुन्शी शिवनारायण ‘आराम’ यांचा. देखरेखीला शिष्य हरगोपाल ‘तफ्ता’ आणि मित्र मिर्झा हातिम अली ‘मेहर’. सारा कारभार पत्रांतून झाला. कागद कोणता घ्यायचा, बांधणी कशी करायची, कोणत्या प्रती भारी जिल्दीच्या हव्यात, याच्या सूचना दिल्लीहून आग्र्याला जात. पुस्तकात अरबी शब्द वापरायचा नाही, असा त्यांचा संकल्प होता. एक शब्द राहून गेल्याचे लक्षात आले, तेव्हा तो बदलण्यासाठी तातडीने पत्र गेले. इंदूरचे राय उमेदसिंह यांनी पन्नास प्रती घेण्याचे कबूल केले. काही सजवलेल्या प्रती इंग्रज अधिकाऱ्यांसाठी आणि थेट राणी व्हिक्टोरियासाठी होत्या. पेन्शन पुन्हा सुरू व्हावी हा त्यामागचा हेतू उघड होता आणि त्यासाठी पुस्तकात इंग्रजांची मर्जी राखली आहे, हेही नाकारण्यात अर्थ नाही. आज आपण ज्याला पुस्तकाची प्रसिद्धी म्हणतो, ती या एकाकी म्हाताऱ्या शायराने घराबाहेर न पडता केली.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्या पत्रांनी हे काम झाले, ती पत्रे स्वतःच साहित्य होती. मिर्झासाहेबांनी पत्रातले लांबलचक मायने बाजूला सारले आणि समोर बसून बोलावे तसे ते लिहू लागले. १८५८ साली ही पत्रे छापण्याची कल्पना निघाली, तेव्हा त्यांनी नकार दिला होता. आपली खाजगी पत्रे लोकांपुढे जावीत, हे त्यांना पसंत नव्हते. दहा वर्षांनी, १८६८ च्या ऑक्टोबरात, मेरठहून ‘ऊद-ए-हिंदी’ हा पत्रसंग्रह निघाला. फेब्रुवारी १८६९ मध्ये ते वारले आणि पुढच्याच महिन्यात ‘उर्दू-ए-मुअल्ला’ आले. पेन्शनच्या आशेने, मुद्दाम जाहिरात करून काढलेले ‘दस्तंबू’ आज अभ्यासक वाचतात. एकेका माणसासाठी लिहिलेली पत्रे मात्र सारे उर्दू जग वाचते. एका माणसाशी मनापासून बोललेले पुष्कळांपर्यंत पोहोचते, हा यातला धडा आहे.

आता दूरच्या एका गावाकडे वळू. गालिब दिल्लीत पत्रे लिहीत होते, त्याच वर्षांत अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट गावी एमिली डिकिन्सन (१८३०-१८८६) कविता लिहीत होती. ती मात्र जन्मजात एकांतप्रिय होती. उतारवयात ती घराबाहेर क्वचितच पडे, पाहुण्यांना भेटायचेही टाळी. तिने सुमारे अठराशे कविता लिहिल्या. तिच्या हयातीत छापून आल्या त्या जेमतेम दहाबारा, त्याही नावाशिवाय. १८६२ च्या एप्रिलमध्ये तिने टॉमस हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवल्या. सोबतच्या पत्रावर सही नव्हती. आपले नाव तिने एका छोट्या कार्डावर लिहून वेगळ्या लिफाफ्यात घातले होते. बुजरेपणाचे याहून बोलके चित्र आम्हाला ठाऊक नाही. नाव सांगायचे तर आहे, पण कागदावर उघडे ठेवायचे धैर्य नाही.

तरी ती गप्प राहिली, असे कुणी म्हणू नये. शेकडो कविता तिने पत्रांबरोबर मित्रमैत्रिणींना पाठवल्या. एकट्या भावजयीला, सुसानला, अडीचशेच्या आसपास गेल्या. म्हणजे तिचाही एक वाचकवर्ग होता, लहान पण जिवाभावाचा. तिच्या मृत्यूनंतर बहीण लॅव्हिनियाला हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या आणि १८९० मध्ये पहिला संग्रह निघाला. पण संपादकांनी त्यात फेरफार केले. विरामचिन्हे बदलली, कुठे शब्द बदलले. तिचे शब्द तिने लिहिले तसे एकत्र छापून यायला १९५५ साल उजाडले. जो आपले लेखन स्वतः मार्गी लावत नाही, त्याचे लेखन दुसऱ्याच्या हाती जाते, आणि दुसरा ते आपल्या समजुतीप्रमाणे दुरुस्त करतो.

आपल्या खान्देशात बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे असेच झाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर गाणी सुचत, म्हटली जात आणि हवेत विरत. मुलगा सोपानदेव आणि घरातले पितांबर यांनी जी टिपली तेवढीच उरली. सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली, अत्र्यांनी ती डोक्यावर घेतली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. तोवर बाई हयात नव्हत्या. येथे तीन माणसांची साखळी दिसते. एकाने निर्मिले, दुसऱ्याने टिपले आणि तिसऱ्याने, ज्याला मोठा आवाज होता त्याने, लोकांना सांगितले. ज्याच्यापाशी आवाज नाही त्याला एक सोपानदेव आणि एक अत्रे लागतात. ते वेळेवर भेटले नाहीत तर सारे मातीत जाते.

आपल्या समाजातले एक नाव येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. अलीगढजवळच्या शेरवानी घराण्यातली झाहिदा खातून (१८९४-१९२२) ही कवयित्री पडद्यात वाढली. शरीफ घराण्यातल्या मुलीचे नाव छापून येणे त्या काळी बेअदबी समजली जाई. तिने आपल्या नावाची आद्याक्षरे घेतली, झे-खे-शीन, आणि त्या तीन अक्षरांनी ती उर्दू नियतकालिकांतून लिहू लागली. तेव्हा स्त्रियांसाठी लाहोरहून १८९८ पासून ‘तहजीब-ए-निस्वाँ’, अलीगढहून १९०४ पासून ‘खातून’ आणि दिल्लीहून १९०८ पासून ‘इस्मत’ निघत होते. ‘तहजीब-ए-निस्वाँ’च्या संपादिका मुहम्मदी बेगम होत्या. ही मासिके-साप्ताहिके टपालाने जनानखान्यात पोहोचत आणि तिथून उत्तरे टपालाने परत येत. ज्या बायका एकमेकींना कधी भेटणार नव्हत्या, त्या एकमेकींचे लेखन वाचून मैत्रिणी झाल्या. झाहिदा तिशीही न गाठता वारली. तिचा चेहरा वाचकांनी पाहिला नव्हता, पण तीन अक्षरे ओळखीची झाली होती. चेहरा न दाखवताही नाव करता येते, हे तिने शंभर वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे.

आता इंटरनेटकडे येऊ. १९९६ साली परदेशातल्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा पडद्यावर मराठी अक्षर दिसणे हीच मोठी गोष्ट होती. एकाचा फाँट दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नसे आणि मजकुराच्या जागी चौकोन दिसत. उर्दूचे दुखणे आणखी वेगळे होते. नस्तालीक लिपीची अक्षरे तिरपी उतरत जातात, ती यंत्रात बसवणे अवघड होते. १९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ने संगणकी नूरी नस्तालीक वापरली, १९९४ मध्ये दिल्लीत ‘इनपेज’ तयार झाले. तरी कित्येक वर्षे उर्दू मजकूर इंटरनेटवर चित्र म्हणूनच चढत असे. चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही. युनिकोड रुळले तेव्हा दोन्ही भाषांना खरे पाय फुटले. २०१३ मध्ये ‘रेख्ता’ आले आणि उर्दू लिपी न येणाऱ्यालाही गालिब देवनागरीत वाचता येऊ लागले.

या नव्या टपालाचा उत्तम उपयोग करणाऱ्या एका लेखकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. अँडी वीअर हा अमेरिकेतला संगणक-प्रोग्रामर. साहित्यिक एजंटांनी त्याचे आधीचे लेखन नाकारले होते. त्याने नाद सोडला नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर तो फुकट गोष्टी ठेवू लागला आणि ज्यांना आवडल्या त्यांना नवी गोष्ट आली की ई-मेलने कळवू लागला. दहाएक वर्षांत असे सुमारे तीन हजार वाचक जमले. २००९ पासून त्याने मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी, ‘द मार्शन’, प्रकरणाप्रकरणाने त्यांच्यापुढे ठेवली. वाचकांत रसायनशास्त्र जाणणारे होते, ते हिशेब तपासून चुका कळवत आणि हा दुरुस्त करी. मग वाचकच म्हणाले, किंडलवर द्या, वाचायला सोपे जाईल. २०११ मध्ये त्याने ती कमीत कमी किमतीला, ९९ सेंटला ठेवली. तीन महिन्यांत ३५,००० प्रती गेल्या. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनाने ती छापली आणि २०१५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. येथे आरोळी कुठे आहे? तीन हजार माणसांशी दहा वर्षे राखलेले नाते आहे. म्हणजे पुन्हा टपालच.

हे सर्वांच्या बाबतीत घडते, असे सांगून आम्ही कुणाची दिशाभूल करणार नाही. वीअरसारखा लाखात एखादा. शिवाय इंटरनेटचा स्वभावही बदलत गेला. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले आणि दाद मोजली जाऊ लागली. ज्याला जास्त दाद, तो जास्तींना दिसणार, अशी रीत पडली. थोडक्यात, जे टपाल होते त्याचा मुशायरा झाला, आणि तोही असा की शमा सतत त्याच त्या चार शायरांसमोर फिरत राहते. बुजरा लेखक या मैफलीत शिरतो, दोन दाद मिळतात, शेजाऱ्याला दोन हजार मिळतात, आणि तो वही मिटून घेतो. आपले लेखन वाईट आहे असे तो समजतो. वास्तविक त्याने फक्त चुकीच्या दालनात पाऊल टाकलेले असते. त्याच घरात टपालाचा दरवाजाही अजून उघडा आहे.

मुशायऱ्यात एका क्षणी सर्वांना जिंकावे लागते. टपालात एका माणसाला पत्र लिहावे लागते आणि उत्तराची वाट पाहावी लागते. संकोची माणसाला दुसरे काम जमते, बहुधा चांगले जमते. ज्यांनी आपले लेखन खरोखर वाचले अशी पन्नास माणसे धरावीत. महिन्यातून एकदा त्यांना नवे लेखन पाठवावे. कुणी दोन ओळी लिहिल्या तर चार ओळींचे उत्तर द्यावे. सारे लेखन एका ठिकाणी, तारखेसह, युनिकोड अक्षरांत ठेवावे. सुंदर फुलांच्या चित्रावर कविता छापून पाठवली तर ती दिवसभर फिरते, पण पाच वर्षांनी कुणी शोधली तर सापडत नाही. स्वतःचे नाव नको असेल तर तखल्लुस घ्यावे, झे-खे-शीनने घेतले तसे. आणि आपल्यातल्या ज्यांना अल्लाहने मोठा आवाज दिला आहे, त्यांनी वर्षातून एखाद्या अबोल लेखकाचे अत्रे व्हावे. हे काम संस्थेवर सोडू नये.

व्हॉट्सॲपवर कविता नावाशिवाय फिरते, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्यावरचा उपाय आपल्या दोन्ही परंपरांनी केव्हाच शोधून ठेवला आहे. गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, शायर आपले तखल्लुस गुंफतो. अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा ठेवतो. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनीही आपल्या रचनांत आपले नाव असेच विणले. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, कविता तोंडातोंडी फिरायची. नाव मजकुराच्या पोटातच असल्यामुळे ते काढायचे तर कविताच मोडावी लागे. आजचा फॉरवर्ड म्हणजे तीच जुनी तोंडातोंडी आहे. तेव्हा नाव खाली चिकटवू नका, आत विणा. ज्यांना मुस्लिम नावाचा संकोच वाटतो, त्यांनी तर ते अधिकच घट्ट विणावे. चारशे वर्षांपूर्वी शेख महंमदांना मराठीत आपले नाव लिहिताना संकोच वाटला नाही.

जाहिरात हा शब्द आपण मराठीत बाजाराशी जोडतो. त्याचे मूळ ‘जाहिर’मध्ये आहे, म्हणजे जे प्रकट आहे ते. लेखन प्रकट करणे आणि स्वतः मिरवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली करताना दुसरी करावीच लागते, असा कुठे नियम नाही. आमच्या शाळांतून, घरांतून मराठीत लिहिणारी जी पिढी आहे तिने पाहिलेले जग दुसरे कुणी लिहिणार नाही. मोहल्ल्यातले मराठी, दखनी बोलणारी आजी, ईदच्या दिवशी घरी येणारे शेजारी, दंगलीनंतरचे शांत रस्ते, उर्दू शाळेच्या पटावरची घटती संख्या, हे सारे त्या वह्यांत आहे. बहिणाबाईंच्या हवेत विरलेल्या गाण्यांचा हिशेब आता कुणालाच देता येत नाही. या वह्यांचा हिशेब मात्र अजून आपल्या हाती आहे. अर्ध्या आण्यात पत्र जायचे तेव्हा एका वृद्ध शायराने घरात बसून ते साधले. आता तर अर्धा आणाही लागत नाही.